तीन शाहीर, एक झील

स्मरणिकेसाठी लेख द्यायचा म्हटल्यावर बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या. समितीनं मला मात्र 'तू काहीतरी इतिहासाचं लिही' असं सांगितलं. मी इंजिनिअर. दिवसभर संगणकापुढे बसणारी. इतिहासाशी माझा शेवटचा अधिकृत संबंध दहावीच्या पेपरात आला होता. पण एक विषय गेली तीस वर्षं डोक्यात आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच शाळेच्या पटांगणावर झाली, म्हणून तोच घेते.

१ मे १९९४. आपण नववी संपवलेली. झेंडावंदन आणि निकाल एकाच सकाळी. त्या दिवशी आपल्या वर्गानं संयुक्त महाराष्ट्राचा पोवाडा सादर केला होता, आठवतोय ना? पुढे डफ घेतलेला एक जण, मागे आम्ही सहा जण झीलकरी. आमचं काम एवढंच, की शाहिरानं ओळ टाकली की शेवटचा शब्द उचलायचा आणि 'जी जी'चा सूर धरायचा. पोवाडा जोरात झाला, टाळ्या पडल्या आणि त्यानंतर आपल्या वर्गातली दोन मुलं एकमेकांशी बोलेनाशी झाली. त्याचं कारण शेवटी सांगते. आधी ज्यांच्याकडून हा पोवाडा आपल्यापर्यंत आला, त्या तिघांची गोष्ट.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. १९४४ साली मुंबईत या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढची सोळा वर्षं, म्हणजे महाराष्ट्र राज्य होईपर्यंत, मराठी मुलखात जी सामुदायिक गाणी गर्जली त्यांच्या मुळाशी हे पथक होतं. तिघांच्या वाटा मात्र कायम एका रस्त्यानं गेल्या नाहीत. पथक कसं वर आलं आणि त्यात ताण कुठे होता, हे पाहायचं तर आधी तिघे कोण होते ते बघायला हवं.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा, मातंग समाजातला. शाळा दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आलेला हा मुलगा गिरणीत लागला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिला, अक्षरं शिकला ती मुंबईच्या रस्त्यावर आणि कामगारांच्या संगतीत. अमर शेख बार्शीचे, जन्म २० ऑक्टोबर १९१६. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संप आणि तुरुंग. आई जात्यावरच्या ओव्या गाणारी. त्यांच्या गाण्याचं पहिलं शिक्षण तेच. गव्हाणकर शाहीर होते, लेखकही होते, आणि तिघांत त्यांचंच नाव आज सर्वांत कमी घेतलं जातं.

एकाची लेखणी, एकाचा गळा आणि तिसऱ्याकडे दोन्हीचा मेळ घालण्याची हातोटी. अर्थात ही वाटणी अगदी काटेकोर नव्हती. अण्णा भाऊ स्वतः गात, अमर शेख स्वतः कविता लिहीत. त्यांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे संग्रह आहेत. तरी लोकांच्या मनात ठसा उमटला तो असाच: शब्द अण्णा भाऊंचे, आवाज अमर शेखांचा.

हे पथक वर का आलं, याची कारणं त्या काळात आहेत. कम्युनिस्ट पक्षावरची बंदी १९४२ मध्ये उठली आणि पक्षाला उघडपणे लोकांत जाता येऊ लागलं. १९४३ मध्ये मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ, स्थापन झाला. पण पक्षापुढे मोठी अडचण होती. महायुद्धात रशिया उतरल्यावर पक्षानं ते 'लोकयुद्ध' मानलं आणि बेचाळीसच्या चलेजाव चळवळीपासून तो बाजूला राहिला. सामान्य माणसाच्या मनात त्याबद्दल राग होता. भाषणं ऐकून घ्यायला लोक तयार नव्हते, पण डफाची थाप ऐकू आली की थांबत होते. स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला आणि परळ-लालबागच्या कामगारांना हजारो कोसांवरचं ते शहर आपलं वाटू लागलं. बंगालच्या दुष्काळावर पोवाडा झाला. आपल्या खानदेशातलाही एक आहे: अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्यात जे गेले त्यांच्यावर अण्णा भाऊंनी १९४७ मध्ये 'अमळनेरचे अमर हुतात्मे' हा पोवाडा लिहिला. आपल्या शाळेत साने गुरुजींचं अमळनेर आपल्याला शिकवलं गेलं, हे अमळनेर मला फार उशिरा कळलं.

आता पथकाच्या नावाकडे बघा. पूर्वीच्या फडांना मुख्य कलावंताचं नाव असे. अमुक शाहीर आणि पार्टी, अमकीचा फड. यशवंतराव महाराजांच्या यात्रेत तंबूंवर तेच नावांचे मोठमोठे फलक आपण पाहिले आहेत. मुलींना आत जायला परवानगी नव्हती, पण फलक वाचायला कोणाची परवानगी लागत नव्हती. लाल बावट्यानं ही रीत मोडली. नाव झेंड्याचं, माणसाचं नाही. तमाशाचा साचा घेतला पण आतलं सामान बदललं. सुरुवातीच्या गणात गणपतीऐवजी देशाला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. कृष्ण-गौळणींची छेडछाड गेली. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, शेठजी आणि पुढारी आले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेठजींचे इलेक्शन' ही नावंच पुरेशी बोलकी आहेत.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली आणि लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही गदा आली. याच सुमारास पक्षानं उठावाचा मार्ग धरला, सरकारनं धरपकड केली. अण्णा भाऊंनी तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव दिलं आणि खेळ चालू ठेवला. आज आपण लोकनाट्य हा शब्द सहज वापरतो, त्यामागे एका बंदीचा हात आहे. १९४९ मध्ये अलाहाबादच्या अधिवेशनात इप्टाच्या अध्यक्षपदी अण्णा भाऊंची निवड झाली. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस देशभरच्या नाटककार-गायकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला.

इथवर सगळी चढण. आता ताणाकडे येते.

पहिला ताण झेंडा आणि गळा यांच्यातला. पक्षाला पथक हवं होतं ते विचार पोचवायला. पण गावोगावचा माणूस 'लाल बावटा आलाय' म्हणून जितका येत होता, तितकाच 'अमर शेख आलेत' म्हणून येत होता. त्यांचा पहाडी आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मैदान भरत असे. ज्या पथकानं मुद्दाम माणसाचं नाव मागे ठेवलं, त्याच पथकातून नावं मोठी झाली. अमर शेख पुढे स्वतःच्या कलापथकासह फिरू लागले. याला कोणी फूट म्हणेल, कोणी वाढ म्हणेल. एका झाडाच्या फांदीचं दुसरीकडे कलम व्हावं तसं ते मला वाटतं. आपल्या डाळिंबवाल्यांना ते लगेच पटेल.

दुसरा ताण लिहिणारा आणि गाणारा यांच्यातला. याचं सर्वांत मोठं उदाहरण 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड. मुंबईत पोटासाठी आलेला एक माणूस गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं व्याकूळ झालाय, अशी ती सुरू होते आणि हळूहळू ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडलेला मुलूख आहे हे उलगडत जातं. लिहिली अण्णा भाऊंनी. घरोघरी पोचली त्यात अमर शेखांच्या आवाजाचा वाटा फार मोठा. मग ती कोणाची?

हा प्रश्न काही आपल्याच मातीतला नाही. पुढे साठच्या दशकात अमेरिकेत सायमन आणि गारफंकेल ही जोडी गाजली. दोघं शाळासोबती, पोरवयापासून एकत्र गाणारे. गाणी पॉल सायमन लिहायचा, आर्ट गारफंकेलचा आवाज स्वर्गीय. १९७० साली आलेलं त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं सायमननं लिहिलं आणि मुख्यतः गारफंकेलनं गायलं. सायमननं पुढे कबूल केलं, की गारफंकेल ते गात असताना आपण बाजूला उभे असायचो, टाळ्यांचा पाऊस पडायचा आणि मनात यायचं, अरे, हे गाणं तर माझं आहे. त्याच वर्षी जोडी फुटली. अण्णा भाऊ आणि अमर शेख यांच्यात असं काही झालं असं मी म्हणत नाही. दोघांची जगं वेगळी, पैशाचं गणितही वेगळं. इथे रॉयल्टी नव्हती, बिदागीही बेताची. पण दोन माणसांनी मिळून एक गाणं उभं केलं की टाळी कोणाची हा प्रश्न येतोच, मग ते कॅलिफोर्निया असो की कामगार मैदान.

'माझी मैना'चा आपल्या बागलाणशी फार जवळचा संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या छक्कडीत बेळगाव, कारवार, निपाणी यांच्याबरोबर डांग आणि उंबरगाव यांचीही नावं येतात. डांग म्हणजे आपला शेजार. साल्हेरच्या माथ्यावरून पश्चिमेला जे जंगल दिसतं ते डांगाचं. आपल्या आठवडे बाजारात तिकडची माणसं येतात, त्यांची बोली आणि आपली अहिराणी एकमेकींना सहज समजतात. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि डांग गुजरातेत गेला. बेळगावचं दुःख आपण पाठ्यपुस्तकातून शिकलो. डांगाचं दुःख दोन तासांच्या अंतरावर होतं आणि त्याबद्दल आपल्याला कोणी फारसं सांगितलं नाही. एका वाळव्याच्या माणसानं मुंबईच्या झोपडीत बसून आपली सीमा आपल्यापेक्षा जास्त लक्षात ठेवली होती.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ हा या शाहिरांचा सर्वोच्च काळ. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाला. फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे एकत्र आले. १९५७ च्या निवडणुकीत नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले ते याच लाटेत. गाण्याच्या आघाडीवरही हेच झालं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक साने गुरुजींच्या वळणाचं, लाल बावट्याचं वळण वेगळं. बेचाळीसपासून दोन्हीकडे कडवटपणा होता. पण समितीच्या सभांत डफ कोणाचाही असो, झील सगळं मैदान धरत होतं. आधी शाहीर, मग नेते, आणि नेते लांबले तर पुन्हा शाहीर.

मागणी पूर्ण झाली आणि गंमत अशी, की तिथूनच पांगापांग सुरू झाली. समिती विस्कटली. एकत्र गायला जे एक मोठं कारण होतं ते संपलं. साठचं दशक तिघांसाठीही कठीण गेलं. १९६२ मध्ये चीननं आक्रमण केलं. अमर शेखांनी पेटलेल्या हिमालयाच्या रक्षणाची हाक देणारं गाणं केलं आणि ते महाराष्ट्रभर घुमलं. त्याच प्रश्नावर कम्युनिस्ट पक्षात मात्र उभा तडा गेला होता, अनेक पुढारी तुरुंगात गेले आणि १९६४ मध्ये पक्ष फुटला. ज्या झेंड्याच्या नावानं पथक उभं राहिलं, त्या झेंड्याचेच दोन झाले. शाहिरानं अशा वेळी कोणासाठी गायचं?

अण्णा भाऊंच्या बाबतीत आणखी एक ताण होता, तो जातीचा. पक्षाची मांडणी वर्गाची: मालक आणि मजूर. अण्णा भाऊंनी मजुरी भोगली होती, पण वाटेगावच्या वेशीबाहेरचं जिणंही भोगलं होतं. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि प्रवासवर्णन लिहिलं. एका हातात मार्क्स, दुसऱ्यात आंबेडकर, आणि दोन्हीकडचे लोक विचारणार की तू नक्की कोणाचा. पथकासाठी लिहिणारा माणूस हळूहळू एकट्यानं लिहिणारा कादंबरीकार झाला. पुस्तकं निघत होती, कथांवर चित्रपट होत होते, पण घरची गरिबी हटली नाही.

शेवट दोघांचाही एकाच पावसाळ्यात झाला. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले, एकोणपन्नासावं वर्षही पुरं झालं नव्हतं. बरोबर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. गव्हाणकर मागे राहिले. तिघांची गाणी एकत्र ज्यांनी ऐकली होती त्यांना ते सहा आठवडे कसे गेले असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मी हे सगळं का शोधत बसले? आमच्या धंद्यात एका कामावर वीस-वीस जण राबतात, पण कोणती ओळ कोणी लिहिली, कोणत्या दिवशी, किती वाजता, याची नोंद आपोआप राहते. वर्षांनंतरही बोट ठेवून सांगता येतं, हे या मुलीनं लिहिलंय. कलापथकाच्या कामात अशी नोंद राहत नाही. लोक गाणं उचलतात आणि नाव खाली पडतं. 'माझी मैना' आज कित्येक जण लोकगीत म्हणून गातात. शाहिराला हा मान वाटेलही. पण चिरागनगरच्या झोपडीत दिवे लावायला तो मान उपयोगी पडला नाही. आणि अण्णा भाऊंचं नाव निदान पुस्तकांवर तरी आहे. पथकांतल्या झीलकऱ्यांचं काय? ढोलकीवाला, तुणतुणं धरणारा, रात्री खेळ करून सकाळी गिरणीच्या भोंग्याला हजर होणारा? त्यांच्याशिवाय एकही पोवाडा उभा राहिला नसता. तिघांचा इतिहास लिहिताना मीही त्यांना एका वाक्यात उरकलं, हे माझ्या लक्षात आलंय.

आता पटांगणाकडे परत येते. १९९४ चा आपला तो पोवाडा कुठल्या पुस्तकातला नव्हता. मागच्या रांगेतल्या एकानं तो लिहिला होता. नामपूर रस्त्यानं सायकलवर यायचा तो. डांगाचं कडवं त्यानंच घातलं होतं, आजोबांकडून ऐकून. डफ घेतलेल्यानं तो असा गायला की अंगावर काटा आला. कार्यक्रमानंतर बक्षिसाची वही मिळाली ती शाहिराला, आणि माइकवरून नाव पुकारलं गेलं तेही 'पोवाडा रचणारे आणि गाणारे' म्हणून त्याचंच. चूक मुद्दाम कोणी केली नव्हती. गाणाऱ्यानं ती दुरुस्त करायला हवी होती, तो टाळ्यांत हरवला होता. लिहिणारा काही बोलला नाही, नंतर त्याच्याशीही बोलला नाही. दहावीचं अख्खं वर्ष दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसले.

आम्हा बाकीच्या पाच झीलकऱ्यांना खरं माहीत होतं. मला तर नक्की माहीत होतं, कारण वहीतून पोवाडा सुवाच्य अक्षरात उतरवून मीच काढला होता. मी हात वर करून एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. ओळीचा शेवटचा शब्द उचलणं हेच ज्याचं काम, त्यानं नेमका तेव्हा शब्द उचलला नाही. हा दोष मी कोणावर ढकलत नाही, माझाच आहे.

दोघंही या मेळाव्याला येणार आहेत, असं समितीकडून कळलंय. नावं लिहीत नाही, दोघांना कळेल. तीस वर्षांनी का होईना, छापील नोंद असावी म्हणून लिहिते: १ मे १९९४ चा पोवाडा एकानं लिहिला, दुसऱ्यानं गायला, आणि आम्ही पाच जणांनी त्या दोघांसह मिळून तो उभा केला. मेळाव्याच्या संध्याकाळी डफाची सोय झाली आहे. कडवी माझ्याकडे अजून आहेत. डांगाच्या कडव्याला झील मी धरेन.